राखणीचा घास

आमच्या घरात सगळ्यांत भरभर जेवणारा माणूस मी. यात अभिमान वाटावा असं काही नाही; पण सांगण्यासारखं दुसरं कर्तृत्व नसलं की माणूस आहे त्यावर भागवतो. मी जेवायला बसलो होतो हे लोकांना मी हात धुवून परत आल्यावर कळतं. बायको लग्नापासून विचारत आली आहे, "गाडी सुटून राहिली का तुमची?" गाडी कुठलीच सुटत नसते. जेवण झालं की मी सोफ्यावर बसून पंख्याकडे बघतो.

अशा माणसाच्या वाट्याला आमचे साडभाऊ आले.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान. नरखेडकडच्या एका गावात त्यांची संत्र्याची बाग. ताईंच्या गुडघ्यांपायी दोघं नागपुरात राहायला आले, बाग पुतण्याकडे गेली आणि साडभाऊंच्या हाती रिकामा वेळ आला. तो त्यांनी आमच्यावर खर्च केला. महिन्यातल्या एका रविवारी दोन्ही घरांनी बाहेर जेवायचं, हा पायंडा त्यांचाच. घरी बायकांनी रांधायचं आणि आपण बैठकीत गप्पा हाणायच्या, हे त्यांना पटत नसे. विचार एकदम आधुनिक. अडचण पुढे होती.

गावात साडभाऊंनी जन्मभर पंगती सांभाळल्या होत्या. लग्न असो की तेरवी, कोण कुठं बसेल, वरण कुठल्या टोकाकडून निघेल आणि मुख्य म्हणजे पंगत कधी उठेल, हे ते ठरवत. नियम साधे होते. सगळ्यांच्या पानात वाढून होईस्तोवर कोणी घास उचलायचा नाही आणि शेवटच्या माणसाचं होईस्तोवर कोणी उठायचं नाही. नियम चांगलेच आहेत, पण मांडवातले. साडभाऊंनी ते जसेच्या तसे रेस्टॉरंटात आणले. एका छताखाली जेवायला बसलेली माणसं म्हणजे एक पंगत, मग मधे टेबलं असोत की काचेची पार्टिशनं.

रामदासपेठेत औषधांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर एक रेस्टॉरंट आहे. आमचा रविवार तिथलाच. आमची दाल, रोट्या, पाटवडीचा रस्सा टेबलावर यायचा, वाफा निघायच्या, माझा हात पुढे जायचा, आणि साडभाऊंचा आवाज यायचा.

"थांबा न गा साडभाऊ. त्या पोरीच्या पुढे अजून काई आलं नाई."

"भाऊ, ते आपल्यासोबत नाहीत."

"सोबत नाईत म्हंजे? जेवाले बसले न?"

दाराजवळच्या टेबलावरची ती पोरगी आपल्या मैत्रिणीसोबत मोबाइलमधे बघून हसत असायची. आपल्यामुळे एक कुटुंब उपाशी बसलंय याची तिला कल्पना नसायची. वेटर बिचारा मधे पडायचा, "काकाजी, रोटी ठंडी हो रही है."

"हो जाने दे. उनका पहले ला. उनका आया की हम चालू करते."

पुढे वेटर लोक शहाणे झाले. आम्ही जिन्यात दिसलो की आतल्या सगळ्या टेबलांच्या ऑर्डरी भराभर निघायच्या. काउंटरवरचे मॅनेजर मला एकदा म्हणाले, "तुमचे काकाजी आले का किचन धावते." मी उगाच संकोचून हसलो. मला वाटलं तक्रार आहे. बहुतेक नव्हती.

"पण भाऊ, लोक तर येतच राहतात," मी एकदा वाद घातला. "अशानं आपण उठायचंच नाही का?"

"आपल्यानंतर जे बसले, थे दुसऱ्या पंगतीचे," साडभाऊ म्हणाले. "त्यांच्याशी आपला काय संबंध?"

त्यांनी सगळा विचार करून ठेवला होता. उठण्याच्या नियमासाठी तर त्यांच्याकडे खास युक्तीही होती. स्वतःचं जेवण आटोपलं तरी ताटात एक घास ते शिल्लक ठेवत. रोटीचा तुकडा, त्यावर बोटभर भाजी. त्याला ते राखणीचा घास म्हणत. शेतात कोणी राखणीला बसतं ना, तसा तो घास ताटात बसलेला. तो आहे तोवर साडभाऊ 'जेवून राहिले' असत. वेटर ताट उचलायला आला की त्याला हातानंच थोपवत, "अबे, मी जेवून राहिलो न." आणि नजर असे शेवटच्या जेवणाऱ्यावर. त्याचा शेवटचा घास तोंडात गेला की यांचाही जायचा. त्या माणसाला वाटायचं, योगायोग आहे. त्याला काहीच वाटायचं नाही, असंही असेल.

मी मात्र केव्हाच आटोपून, स्वच्छ ताटापुढे हात वाळवत बसलेला. माझ्या ताटात राखणीला काही उरतच नसे.

रामदासपेठेत दवाखाने पुष्कळ. त्यामुळे त्या रेस्टॉरंटात एकटा जेवणारा माणूस बहुधा कोणाच्या तरी आजारपणाला आलेला असतो. एका रविवारी शेजारच्या टेबलावर असाच एक जण होता. खुर्चीला टेकवून एक्स-रेचं मोठं पाकीट, मान खाली, आणि जेवण माझ्या वेगानं. मला तो आवडला. साडभाऊंना नाही.

"कोन भरती हाय गा?" त्यांनी इथूनच विचारलं.

माणूस दचकला. "आई, जी."

"कोन्या गावचा?"

"खाप्याचा."

"जेवते का माय?"

"पेज घेते थोडी थोडी."

"मंग तू हळू जेव न बाप्पा. आमी अठीच हाओ."

'आम्ही इथंच आहोत' याचा त्याच्या आईच्या तब्येतीशी काय संबंध, हे मला कळलं नाही. पण त्या माणसानं हातातला घास ताटात ठेवला, पाणी प्याला आणि आणखी एक रोटी सांगितली. ती त्यानं सावकाश खाल्ली. साडभाऊ राखणीचा घास समोर ठेवून त्याच्याशी खाप्याच्या बाजाराविषयी बोलत होते. निघताना त्यांनी पिशवीतून संत्री काढून त्याच्या हातात दिली. ही पिशवी नेहमी सोबत असायची. बडीशेप हे जेवणानंतर खायचं काम नव्हे, असं त्यांचं मत होतं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. मी जेवतो भरभर, पण सांगताना रेंगाळतो, असं बायको म्हणते.

आमच्या लेकीनं, सायलीनं, मुलगा पसंत केला. निखिल, नाशिकचा, तिच्याच कंपनीतला. मुलगा चांगला होता. फोनवर मला 'काका' म्हणायचा आणि माझे विनोद ऐकून घ्यायचा. घोडं अडलं होतं ते त्याच्या आईपाशी. भेटीचा विषय काढला की त्या पुढे ढकलत. बऱ्याच दिवसांनी तयार झाल्या, त्याही एका अटीवर: घरी नको, बाहेरच कुठेतरी, आणि फक्त चहा. आता नाशिकहून माणसं येणार आणि त्यांना आपण नुसता चहा पाजणार, हे माझ्या बायकोला सहन होण्यासारखं नव्हतं. तिनं जेवण ठरवलं. रेस्टॉरंट आमचंच, कारण दुसरीकडचे वेटर आम्हाला ओळखत नव्हते.

आदल्या दिवशी सायली माझ्याजवळ येऊन बसली. "बाबा, काकू मनातून तयार नाहीत. का ते निखिलही नीट सांगत नाही. उद्याचं नीट झालं नाही तर पुढची भेट व्हायची नाही." मग म्हणाली, "मोठे काका येणार आहेत का?"

मोठे काका, म्हणजे साडभाऊ, येणारच होते. आमच्याकडे वडीलधारे असे तेच उरले होते.

"तुम्ही बोला भाऊजींशी," बायकोनं मला सांगितलं. "एक दिवस फक्त. पंगत नको, संत्री नको, बाजूच्या टेबलावर कोण भरती आहे ते नको."

मी हिंमत गोळा करून फोन केला. "भाऊ, उद्या एक विनंती होती. आपली पंगत आपल्या टेबलापुरतीच ठेवू. दुसऱ्या टेबलांकडे बघायचंच नाही."

मला वाटलं, आता दुखावणार.

"कबूल," साडभाऊ म्हणाले. "फक्त आपलं टेबल."

त्यांनी शब्द पाळला. हाच घोटाळा झाला.

दुसऱ्या दिवशी सगळे जमलो. निखिलची आई कडक इस्त्रीच्या साडीत, बोलणं मोजकं, नजर सारखी नवऱ्याकडे. निखिलचे वडील उंच, देखणे, शांत. नमस्कार केला तो मानेनं. हात पँटच्या खिशात. मला ते जरा शिष्ट वाटले. जेवण आलं. शेजारी एक कुटुंब अजून ऑर्डरीची वाट बघत होतं, पण साडभाऊंनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खुर्ची फिरवून त्यांनी पाठच केली. एरवी सगळ्या हॉलवर पसरलेलं त्यांचं लक्ष आता एका टेबलावर गोळा झालं, आणि सरळ समोर बसलेल्या निखिलच्या वडिलांवर पडलं. त्यांचं ताट रिकामं होतं.

"घ्या न जी," साडभाऊ म्हणाले.

"मला उपवास आहे आज."

"कायचा?"

"रविवारचा."

"अस्सं. मंग दही सांगू?"

"नको. सर्दी आहे."

"फळं? संत्री हायेत मह्याजवळ." पिशवी आलीच होती.

"नको, खरंच नको. तुम्ही सुरू करा."

"असं कसं? पंगतीत एक मानूस उपाशी बसवून आमी जेवाचं?" साडभाऊंनी हातातली रोटी ताटात ठेवली आणि हात मांडीवर घेतले.

ते सुरू करेनात म्हणून ताई सुरू करेनात. ताई सुरू करेनात म्हणून माझी बायको. पाहुणे तर मुळीच नाहीत. रश्शावर तेलाचा तवंग गोठत चालला. मला भूक लागली होती हे सांगायची ही वेळ नाही, पण लागली होती. मी टेबलाखालून साडभाऊंच्या पायाला पाय लावला. तो ताईंचा निघाला. त्यांनी गुडघा धरला.

"त्यांना नाही जेवायचं," निखिलची आई एकदम म्हणाली. "राहू द्या ना. कशाला आग्रह करताय?" आवाज असा चढला की मॅनेजरनं मान वर केली. "निखिल, मी म्हटलं होतं, फक्त चहा. म्हटलं होतं ना?"

निखिल ताटाकडे बघत होता. सायलीनं माझ्याकडे पाहिलं. ती लहानपणी शाळेच्या गॅदरिंगला स्टेजवर ओळ विसरली होती, तेव्हा तिनं असंच पाहिलं होतं. तेव्हाही मी वर पंख्याकडे पाहिलं होतं.

निखिलच्या आईनं पर्स खांद्याला लावली. त्या उठणार, एवढ्यात त्यांच्या नवऱ्यानं टेबलाखालून उजवा हात काढला आणि ताटाच्या कडेवर ठेवला. ताट खणखणायला लागलं. चमचा वाटीवर वाजत राहिला. त्यांनी हात थांबवायचा प्रयत्न केला नाही.

"हात हलतो माझा," ते म्हणाले. "उपवास वगैरे काही नाही. सगळं सांडतं. म्हणून मी बाहेर कुठे जेवत नाही."

निखिलची आई आमच्याकडे बघत नव्हती. ती आमच्या उत्तराची वाट बघत होती. घरात असा आजार आहे म्हटल्यावर पोरीचे आईबाप काय करतात, हे तिनं आधीच मनात धरलं होतं, आणि एवढे दिवस सगळं पुढे ढकललं होतं.

मी बोलायला तोंड उघडलं. साडभाऊंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"हात्तिच्या! मले वाटलं का राग हाय आमच्यावर." ते उठले, ताईंना बाजूला सरकवून आपलं ताट घेऊन निखिलच्या वडिलांशेजारी जाऊन बसले. "ए बापू, दोन खोल वाडगे आन. अन् हे चमचे घेऊन जाय."

वाडगे आले. साडभाऊंनी रोटी बारीक चुरली, वर रस्सा ओतला, कांदा टाकला, एक वाडगा त्यांच्यापुढे सरकवला आणि दुसरा आपल्यासाठी तसाच केला. "आमी शेतात असंच खातो. वाडगा छातीशी धराचा अन् पाची बोटं घालाची. सांडन तं सांडन. चादर काई आपली नोहे."

निखिलच्या वडिलांनी वाडगा छातीशी धरला. पहिला घास अर्धा शर्टावर गेला. साडभाऊंच्या मिशीतही तोवर रस्सा लागला होता, आणि तो त्यांनी पुसला नव्हता. दुसरा घास पोचला. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं, असं निखिलच्या वडिलांनीच नंतर सांगितलं.

"आधी सांगायला हवं होतं तुम्हाला," निखिलची आई हळू आवाजात माझ्या बायकोला म्हणाली.

"आम्हीही सांगायला हवं होतं," बायकोनं साडभाऊंकडे मान केली. "यांच्याबद्दल."

मग निखिलची आई हसली. पर्स खांद्यावरून उतरली आणि सायलीनं त्यांच्या ताटात रोटी वाढली.

त्यानंतर जेवणं झाली. माझं अर्थात सर्वांत आधी. एकेकाचं आटोपलं, पण निखिलचे वडील सावकाश, एकेक घास वर नेत होते. मधेच त्यांनी भोवताली पाहिलं. सगळी ताटं रिकामी. वाडगा खाली ठेवायला लागले. तेवढ्यात त्यांची नजर साडभाऊंच्या ताटावर गेली. तिथं रोटीचा एक तुकडा होता, त्यावर बोटभर भाजी. वेटर टेबल पुसायला आला.

"थांब बे," साडभाऊ म्हणाले. "आमी जेवून राहिलो न."

वाडगा परत छातीशी गेला. त्या दिवशी त्यांची गाडी मात्र खरोखरच सुटता सुटता राहिली.

सायलीच्या लग्नात बुफे होता. उभं जेवण म्हणजे साडभाऊंच्या शास्त्राचा अंतच. कोण कधी बसलं, कोण कधी उठलं, काही पत्ता नाही. मला वाटलं, आता काय करतील? ते हात धुवायच्या जागेजवळ हातात प्लेट आणि प्लेटमधे जिलबीचा तुकडा घेऊन उभे राहिले. शेवटचा पाहुणा हात धुवून गेला तेव्हा जिलबी तोंडात गेली. नवरानवरीच्या फोटोंमधे ते कुठेच नाहीत. कोपऱ्यातल्या नळाच्या एका फोटोत आहेत.

गेल्या वर्षी साडभाऊ गेले. त्याच्या आधीचा, आमच्या सगळ्यांचा शेवटचा रविवार मला आठवतो. सायली-निखिल आले होते, व्याहीही आले होते. व्याही आता बाहेर जेवतात; नाशिकहून येताना स्वतःचा खोल वाडगा पिशवीत घालून आणतात. विहीणबाई तो घासून चकचकीत ठेवतात.

साडभाऊ खूप थकले होते. कवळी नवी होती आणि बसत नव्हती. रोटीचा एक तुकडा तोंडात इकडून तिकडे फिरवत होते. दारापाशी दोन माणसं जेवत होती, त्यांच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. लक्ष होतं ते स्वतःच्या ताटाकडे, आणि ताट रिकामं होत नव्हतं. बोलता बोलता आमच्या सगळ्यांची जेवणं उरकली. एकेक ताट बाजूला झालं. साडभाऊंनी वर पाहिलं, टेबलावरून नजर फिरवली. जन्मभर दुसऱ्यांसाठी राखण केलेला माणूस त्या दिवशी स्वतः शेवटचा उरला होता. अर्धी रोटी तशीच ठेवून त्यांनी ताट सारलं.

"झालं माह्यं," ते म्हणाले. "चला. उठा."

मी खुर्ची मागे सरकवलीसुद्धा.

"बसा हो," व्याही म्हणाले. "माझं कुठे झालंय?"

त्यांचा वाडगा मी नीट पाहिला. चुरलेलं सगळं संपलं होतं. तळाशी, कडेला लावून, रोटीचा एक तुकडा ठेवला होता. त्याच्यावर भाजी. हात हलत होता म्हणून तो तुकडाही वाडग्यात जरा हलत होता.

साडभाऊंनी तो पाहिला. सारलेलं ताट जवळ ओढलं आणि अर्ध्या रोटीचा एक लहान तुकडा तोडला.

मी माझ्या ताटाकडे पाहिलं. नेहमीसारखं, धुतल्यासारखं स्वच्छ. राखणीला एक शीतही नाही. खुर्ची पुढे घेतली आणि वेटरला हाक मारली.

"एक पापड आण."

"रोस्टेड की फ्राय, सर?"

"जो उशिरा येईल तो," मी म्हणालो.